वगळलेली पायरी

काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याला एक लोखंडी फाटक होतं आणि फाटकाच्या उजव्या अंगाला हातभर रुंदीची खिडकी. त्या खिडकीत एकतीस वर्षं एक माणूस बसला. पुढ्यात हजेरीबुक, भिंतीवर घड्याळ, कानावर पेन्सिल. भोंगा सात वाजता व्हायचा. सातला एक मिनिट कमी असताना आलेला कामगार त्याच्या लेखी सज्जन आणि सातनंतर आलेला चोर. एकदा एका भट्टीवाल्याच्या घरी पहाटे मुलगी झाली. तो घामाघूम होऊन धावत आला आणि खिडकीत तोंड घालून त्याने आनंदाची बातमी सांगितली. आतून उत्तर आलं, "सात-तीन."

त्या दिवसापासून या माणसाचं नाव साततीन पडलं. ते नाव कारखान्यातून गल्लीत आलं, गल्लीतून उंबरठा ओलांडून घरात शिरलं, आणि बायकोही फार रागावली की तेच वापरू लागली. एरवी ती "अहो" म्हणायची.

अशा माणसाने निवृत्त होऊ नये. झालाच तर त्याला एखादं फाटक सोबत द्यावं. साततीनला कारखान्याने हार दिला आणि घरी पाठवलं. घरात येणारंजाणारं असं फार कुणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात, घरात हा आणि बायको. पहिले काही महिने त्याने नळाला पाणी कधी येतं आणि कधी जातं हे लिहून पाहिलं, पण पाण्याला लाज नसते. उशिरा आलं तरी ते मान खाली घालत नाही.

मग जावई आला आणि दारावर कॅमेरा बसवून गेला. "बाबा, तुम्ही दोघंच असता. कुणी आलं की फोनवर कळेल," असं म्हणून त्याने शिडीवर चढून दोन स्क्रू पिळले, साततीनच्या फोनमध्ये त्या कॅमेऱ्याचं ॲप घातलं, आणि सासऱ्यांना सोपं जावं म्हणून ते मराठीत करून दिलं. तिथेच घात झाला. परक्या भाषेत असतं तर साततीनने त्या शब्दांना हात लावला नसता. मराठीत होते, म्हणून त्याने ते मनावर घेतले.

पहिल्या दिवशी फोन दोनशे चौदा वेळा वाजला. घराच्या फाटकावर बोगनवेल होती. वारा आला की ती हलायची, आणि ती हलली की फोन म्हणायचा, 'हालचाल आढळली.' वाळत घातलेली चादर हलली, हालचाल आढळली. ढग आला, सावली सरकली, हालचाल आढळली. साततीनने माळ्यावरून एक कोरं हजेरीबुक काढलं आणि सगळ्या दोनशे चौदा नोंदी वेळेसकट उतरवल्या. संध्याकाळपर्यंत त्याचा हात दुखू लागला. चेहऱ्यावर मात्र अशी कळा होती, की बायकोला क्षणभर लग्नातला नवरा आठवला.

त्याने मुलीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुमची संवेदनशीलता फार जास्त आहे. कमी करा."

बायको आत ताटं पुसत होती. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कुणाची म्हणाली?"

"कॅमेऱ्याची," साततीन म्हणाला. "पट्टी असते. एकपासून शंभरपर्यंत."

"मग बरोबर," बायको म्हणाली आणि ताट पुसायला लागली.

आता पायरीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पायरीसाठीच झालं. साततीनच्या दाराला काळ्या दगडाची एक लांबरुंद पायरी होती. दुपारी तीनच्या सुमाराला समोरच्या घराची सावली मागे हटायची आणि त्या दगडावर उजेड असा पसरायचा, जसं कुणी धुतलेलं पांढरं कापड झटकून अंथरावं. त्या उजेडात सुईचं नेढं दिसायचं. चार घरं सोडून एक टेलरबाई राहत होती, शाळेचे गणवेश शिवणारी, एकटी. तिच्या घरात उजेड बेताचा. म्हणून बावीस वर्षं रोज तीन वाजता ती शर्टांचा गठ्ठा काखोटीला मारून या पायरीवर यायची. ती काजं करायची आणि साततीनची बायको बटणं लावायची. त्या पायरीवर दोघींनी किती शर्ट पुरे केले आणि किती माणसं उसवली, त्याची मोजदाद नाही. साततीन तेव्हा कारखान्यात असायचा, त्यामुळे त्याच्याविषयीही मोकळेपणाने बोलणं व्हायचं.

कॅमेऱ्यात आणखी एक सोय होती. हालचाल आढळली की तो मोठ्याने बोलू शकत असे, आणि काय बोलायचं ते आपण आपल्या आवाजात भरून ठेवायचं. साततीनने दोन दिवस सराव केला. मग खिडकीतला जुना आवाज काढून त्याने भरलं, "थांबा. तुमची नोंद झालेली आहे."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता टेलरबाई आली, बसली, दोरा ओवायला हात वर केला, आणि डोक्यावरून आवाज आला.

साततीन आत आरामखुर्चीत होता. त्याने फोनमध्ये सगळं पाहिलं. टेलरबाईने वर पाहिलं. मग सुई कापडात खुपसली, काजांची कात्री पिशवीत टाकली, शर्ट एकावर एक रचले. साततीनची बायको म्हणत होती, "अगं ताई, बस गं, यंत्र आहे ते, ह्यांचा खुळेपणा." टेलरबाई शांतपणे म्हणाली, "वहिनी, बावीस वर्षांत तुझ्या नवऱ्याने मला एकदाही या म्हटलं नाही. मी म्हटलं, स्वभाव आहे. पण थांबा म्हणायला आज त्याने मुद्दाम यंत्र आणलं." आणि ती गेली.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी साततीनची बायको पायरीवर एकटीच बसली, मांडीवर हात ठेवून. लावायला बटण नव्हतं आणि बोलायला माणूस नव्हतं. उजेड आला, दगडभर पसरला आणि सरकत सरकत निघून गेला. मग ती उठली, आत आली आणि नवऱ्याच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"ती परत येईल असं करा," ती म्हणाली. "आठ दिवस देते. नाही जमलं तर मी जिथे ती आहे तिथे जाऊन बसेन. मग तुमचं यंत्र आणि तुम्ही."

साततीन घाबरला. त्याच्या घाबरण्याची तऱ्हा अशी, की तो लगेच कामाला लागतो, फक्त जे काम करायला हवं ते सोडून दुसऱ्या. साध्या माणसाने चपला घातल्या असत्या, चार घरं चालला असता आणि दोन शब्द बोलून आला असता. साततीनने चष्मा पुसला. त्याच्या मते अपमान यंत्राने केला होता, तेव्हा दुरुस्तीही यंत्रातच व्हायला हवी होती.

आधी त्याने संवेदनशीलतेची पट्टी धरली. नव्वदवर बोगनवेल सापडत होती. सत्तरवर चादर. पन्नासवर शेजारचा करडा बोका. प्रत्येक आकड्यावर खरी माणसं किती सापडतात हे पाहायला एक माणूस लागत होता, आणि घरात तो एकच होता.

"जरा फाटकापासून पायरीपर्यंत चाल," तो खुर्चीतून म्हणाला.

बायको चालली.

"आता हळू."

ती हळू चालली.

"आता बस. हात हलव. काज करतात तसा."

"काज ती करते. मी बटणं लावते."

"मग बटण लाव."

"कशाला लावू? हवेला?"

चाळीसवर ती सापडली, पस्तीसवर सापडली, तिसावर तिचं अर्धं अंग सापडलं. पंचवीसवर ती फाटकातून पायरीपर्यंत आली, बसली, उठली, परत गेली, आणि फोन गप्प. साततीन खुश झाला. तेवढ्यात रस्त्यावरून टेम्पो गेला आणि फोन वाजला.

"म्हणजे आता टेम्पो दिसतो आणि मी दिसत नाही," बायको म्हणाली.

"पंचविसावर तसंच असणार."

"अहो, तुमची स्वतःची कितीवर आहे?"

साततीन पुढचं पान वाचत होता. तिथे एक नवा पर्याय सापडला होता: 'फक्त माणूस.' वेल, चादर, बोका, वाहन, सगळं सोडून यंत्र फक्त माणसाचीच दखल घेईल, असं खाली लिहिलं होतं. साततीनने तो पर्याय दाबला आणि बायकोला पुन्हा बाहेर पाठवलं. पण ती आता वैतागली होती. नुसतं फिरण्यापेक्षा हातासरशी कामं उरकावीत म्हणून तिने ओल्या कपड्यांची बादली कमरेवर घेतली आणि दोरीकडे गेली. फोन गप्प. तिने वाकून अंगण झाडलं. फोन गप्प. दोन गाद्या उन्हात टाकायला काढल्या, त्यांच्याआड तिचे पाय तेवढे दिसत होते. फोन गप्प. ती आत येऊन उभी राहिली, आणि तेवढ्यात करडा बोका फाटकावर पुढचे पंजे टेकवून मागच्या पायांवर उभा राहिला. फोन वाजला. 'माणूस आढळला.'

दोघांनीही ते वाचलं.

"बोका आला माणसात," बायको म्हणाली. "आणि मी?"

"तुझ्याकडे बादली होती. नंतर तू वाकलेली होतीस. मग त्या गाद्या." साततीन मनापासून समजावत होता. "त्याचं असं आहे, तू कामात असलीस की तुला तो माणसात धरत नाही."

"तो," बायको म्हणाली.

एवढंच. पण ती ज्या सुरात 'तो' म्हणाली, त्या सुरात लग्नाची चौतीस वर्षं होती. दुसरा कुणी असता तर त्याच्या काळजात कळ आली असती. साततीनच्या मात्र डोक्यात दिवा लागला. कामात वाकलेली बाई यंत्राला माणूस वाटत नाही. टेलरबाई पायरीवर कामातच वाकलेली असते. मग प्रश्नच मिटला.

"तुम्ही दोघी खुशाल बसा," तो म्हणाला. "फक्त मान खाली ठेवायची. हात अंगाजवळ. आणि हसायचं नाही. हसलात की डोकं मागे जातं, मग त्याला चेहरा दिसतो."

"आम्ही तिथे हसायलाच बसतो," बायको म्हणाली. "शर्ट हे निमित्त आहे."

पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी त्याला शेवटचा पर्याय सापडला. त्या पानाचं नाव होतं 'वगळलेले क्षेत्र'. चित्रातल्या ज्या जागेवर आपण बोट फिरवू ती जागा काळी होते, आणि त्या काळ्या जागेत पुढे काहीही होवो, यंत्र बघत नाही. साततीनचं बोट जाड. पेन्सिल धरून धरून टोकाला चपटं झालेलं. पायरी गिरवायला गेला की निम्मं फाटक काळं व्हायचं, पुसायला गेला की पायरी परत यायची. सकाळपासून जेवणापर्यंत तो त्या एका दगडाशी झुंजला. शेवटी अगदी कडेला कड लागलेला सुबक काळा चौकोन तयार झाला. एकतीस वर्षांत त्याने इतक्या प्रेमाने कुणासाठी काही केलं नव्हतं.

"झालं," तो म्हणाला. "आता बोलव तिला."

"तुम्ही जा. तुम्हीच घालवलंय तिला."

तो गेला. चार घरं. त्या चार घरांतल्या प्रत्येक खिडकीतून त्याला कुणी ना कुणी पाहिलं, कारण साततीन गल्लीत चालत जातो हे दृश्य फारसं पाहायला मिळत नसे. टेलरबाईचं दार उघडंच होतं. आत दोन शिलाई मशीन, भिंतीला कापडाचे तुकडे, आणि एका उंच स्टुलावर दिव्याखाली ती स्वतः, दोरा डोळ्यांशी धरलेली. दिवसाउजेडी दिवा लावून बसली होती.

"या भावोजी," ती म्हणाली. "हालचाल कशी काय केलीत?"

साततीनने फोन पुढे धरला. बोलण्याची त्याची तयारी झालेली होती. "तुम्हाला वगळलंय," तो म्हणाला. "आता यायला हरकत नाही."

टेलरबाईने दोरा खाली ठेवला. चष्मा कपाळावर सरकवला आणि फोनमधलं चित्र नीट पाहिलं. फाटक होतं, वेल होती, दार होतं, दोरीवर चादर होती. जिथे ती बावीस वर्षं बसली होती तिथे काळा चौकोन होता.

"छान काढलाय," ती म्हणाली. "बराच वेळ लागला असेल."

"सकाळपासून," साततीन अभिमानाने म्हणाला.

"आधी माझी नोंद केलीत. आता मला वगळलंत. या दोन्हींच्या मधलं काही आहे का हो तुमच्या यंत्रात?"

"मधलं म्हणजे?"

"म्हणजे, 'चुकलं'. असं काही."

आणि साततीनने फोन स्वतःकडे वळवला, चष्मा सारखा केला आणि एकेक पान उघडून शोधायला लागला. संवेदनशीलता पाहिली. आवाज पाहिला. वेळापत्रक पाहिलं. टेलरबाई थट्टा करत होती असं नाही. ती खरंच वाट पाहत होती. तिने त्याला शेवटच्या पानापर्यंत जाऊ दिलं.

"नाहीये," तो म्हणाला.

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि दोरा उचलला.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की टेलरबाईला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

आठवा दिवस उजाडला. साततीन खुर्चीत बसून फोनकडे पाहत होता, आणि फोन इतका शांत होता की त्याला समाधान वाटत होतं. वेल हलत होती, नोंद नाही. बोका आला, नोंद नाही. चार वाजता त्याला चहाची आठवण झाली. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, मागच्या दारी पाहिलं. बायकोचा सुयांचा डबा जागेवर नव्हता आणि तिचं बसायचं छोटं स्टूल नव्हतं. ती पायरीवरून, त्याने स्वतःच्या बोटाने काळ्या केलेल्या जागेतून, भिंतीच्या कडेकडेने कधीच निघून गेली होती. किती वाजता, ते जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ती सहा वाजता आली. तोंडभर हसून आलेल्या माणसाचा चेहरा जसा सैल असतो तसा तिचा होता. तिने चहा टाकला. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा गेली.

आठवडाभर असं चाललं. टेलरबाईच्या घरात उजेड कमी होता, दिव्याखाली दोघींची डोकी एकमेकींना लागत होती, पण हसण्याचा आवाज साततीनच्या दारापर्यंत यायचा. इकडे तीन वाजता पायरीवर ऊन यायचं आणि कुणाच्याही उपयोगी न पडता जायचं. साततीन आरामखुर्ची ओढून बाहेर अंगणात बसू लागला, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. न हलता, तास-दोन तास. रविवारी यंत्राने आठवड्याचा अहवाल पाठवला: 'या आठवड्यात एकही माणूस आढळला नाही.' त्याने तो दोनदा वाचला. मग खुर्चीत बसल्याबसल्या एक हात वर केला आणि हलवला. फोन गप्प. दुसराही हात हलवला. समोरच्या घरातली म्हातारी खिडकीतून त्याला पाहत होती. तिला वाटलं, तिलाच हात करतोय. तिनेही हात केला. समोरासमोर वीस वर्षं राहून त्या दोघांची ही पहिली ओळख.

सोमवारी सव्वातीनला साततीन टेलरबाईच्या दारात उभा राहिला. हातात एक पांढरा शर्ट होता.

"बटणं तुटलीत," तो म्हणाला. "तीन."

टेलरबाईने शर्ट हातात घेतला आणि दिव्याखाली धरला. जिथे बटणं होती तिथे दोऱ्याची बारीक टोकं उभी होती, तिन्ही ठिकाणी सारखी.

"तुटलेल्या बटणाचा दोरा विसविशीत असतो, भावोजी," ती म्हणाली. "हा कात्रीने कापलाय. आणि बटणं कुठायत?"

साततीनने खिशातून तीन बटणं काढली आणि तळहातावर धरली. त्याचे कान लाल झाले होते. बायको शर्टाच्या ढिगामागे बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते.

"माझ्या हातून..." साततीन म्हणाला आणि थांबला. "मी जरा जास्तच..." पुन्हा थांबला. पुढचा शब्द त्याला येत नव्हता असं नाही. तो शब्द त्याने कारखान्याच्या खिडकीतून हजारो लोकांच्या तोंडून ऐकला होता, फक्त स्वतः कधी वापरला नव्हता.

टेलरबाईने शर्टाची घडी केली आणि ढिगाच्या अगदी तळाशी सरकवली.

"आधीची कामं आहेत," ती म्हणाली. "उद्या न्या."

"थांबतो."

"वेळ लागेल."

"लागू दे."

"मग बसा. पण आम्ही बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. तुमच्याविषयी बोललो तरी नाही."

साततीनने इकडेतिकडे पाहिलं. बसायला जागा नव्हती. बायकोने वर न बघताच शर्टांचा ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला, आणि दाराजवळ एका माणसापुरती फरशी मोकळी झाली. तो गुडघे धरून खाली बसला. त्या दोघींनी त्याच्याविषयी जिथे बोलणं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं, आणि तो ऐकत राहिला.